राज्याला देशातनं कायद्यानं बाहेर पडता येतं का? (जतच्या ठरावावरून निघालेला विषय)

येरळाकाठ

मंडळी नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागातल्या गावांनी कर्नाटकात जायचा ठराव केला होता, ही गोष्ट पाणी आटलं की दर वेळी नव्यानं निघते. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांचं नाव काढलं, मग आपल्याकडनं फडणवीसांनी सांगितलं की तो ठराव २०१२ चा जुना आहे आणि एकही गाव कुठं जाणार नाही. मी सांगलीत वकिली करतो, मूळ गाव जत तालुक्यातलं, घरातली म्हातारी माणसं आपापसात कन्नडच बोलतात, त्यामुळं हा विषय माझ्यापर्यंत सारखा येतो. आणि दर वेळी तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात. गावानं राज्य बदलणं वेगळं, राज्यानं देश सोडणं वेगळं, आणि देशानं आपला भूभाग परक्या देशाला देणं आणखी वेगळं. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं.

राज्यानं देश सोडायचं सरळ उत्तर असं की भारतातल्या कुठल्याही राज्याला तो अधिकार नाही. विधानसभेनं एकमतानं ठराव केला तरी नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडताना बाबासाहेबांनी हे स्वच्छ सांगितलंय. आपला संघ राज्यांनी आपापसात करार करून बनवलेला नाही, त्यामुळं कुठल्या राज्याला त्यातनं फुटायचा हक्क नाही. अमेरिकेला ही गोष्ट ठरवायला यादवी युद्ध लढावं लागलं, आपण ती आधीच स्पष्ट करून टाकू, पुढं वादाला जागा नको, अशी मसुदा समितीची भूमिका होती. फाळणी होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालेलं, हैदराबादची कारवाई सप्टेंबरातच झालेली. त्या माणसांनी हे पुस्तकातनं काढून लिहिलेलं नाही, जे समोर बघत होते त्यावरनं लिहिलंय.

पुढं १९६३ ला सोळावी घटनादुरुस्ती झाली. भाषणस्वातंत्र्यावर, सभेवर, संघटनेवर बंधनं घालायच्या कारणांत देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता हे कारण घातलं, आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्याला त्याची शपथ घ्यायला लावली. द्रमुकची वेगळ्या द्रविडनाडूची मागणी होती, ती त्यांनी चीन युद्धानंतर त्याच सुमाराला सोडली. मग १९६७ चा बेकायदा कृत्य प्रतिबंध कायदा आला, त्यात फुटून निघण्याच्या मागणीला पाठिंबा देणं हेसुद्धा बेकायदा कृत्य धरलंय.

आता गावानं राज्य बदलणं. ते होऊ शकतं, पण गावाच्या हातात नाही. कलम ३ नुसार संसद साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलू शकते, नवीन राज्य करू शकते, नाव बदलू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय विधेयक येत नाही आणि ज्या राज्यावर परिणाम होणार त्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही. ग्रामसभेला यात कुठंच जागा नाही. पंचायतींना जे २९ विषय देता येतात त्यात राज्याची सीमा येत नाही. म्हणजे जतचा ठराव बेकायदा होता असं मी म्हणत नाही, तो एक अर्ज होता, गाऱ्हाणं होतं. त्यानं सीमा एक इंच हलत नाही. पण गाऱ्हाणं म्हणून त्याला किंमत आहे आणि माझ्या मते फार मोठी किंमत आहे, त्यावर पुढं बोलूच.

शाहूपुरी_सातारा

चांगला विषय घेतलात. एक भर घालतो, राज्याचं मत बंधनकारक नाही हे ठरलं ते आपल्याच प्रकरणात, बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य, १९५९. मूळ विधेयकात महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई केंद्रशासित असं होतं, संसदेनं ते बदलून द्विभाषिक मुंबई राज्य केलं. तक्रार अशी की ह्या बदललेल्या योजनेवर आमच्या विधानसभेला विचारलंच नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं परत विचारायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात ज्यांच्या घरातली माणसं होती त्यांना हे आठवलं की अजून चरफडायला होतं, पण कायदा तोच आहे. तेलंगणाचं तर काल परवाचं, २०१४ च्या जानेवारीत आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं आणि जूनमध्ये राज्य झालंसुद्धा.

डफळापूरकर

वकीलसाहेब, समदं खरं हाय पण आमचं म्हणणं तुमी थोडक्यात उरकलं. आमाला कर्नाटकात जायाची हौस न्हवती. म्हैसाळ योजनेचं पाणी मिरज तालुक्यात कृष्णेतनं उचलतात, तिथनं आमच्याकडं यायला किती वर्षं गेली ते तुमाला म्हाईत हाय. पूर्व भागातली गावं तर योजनेतनं वगळलेलीच. टँकर यायचा तवा बाया घागरी घिऊन पळायच्या, ज्याच्या घरात पळणारं कोण न्हाई त्याला पाणी न्हाई. समोर तिकडं कॅनॉलला पाणी दिसतंय आणि हिकडं जनावराला चारा न्हाई, मग माणूस म्हणणारच की त्येंच्यात तरी टाका आमाला. ठराव झाल्यावरच विस्तारित म्हैसाळचं दोन हजार कोटी हालले ना? त्या आधी निवेदनं काय कमी दिली होती का?

येरळाकाठ

@डफळापूरकर दादा, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि मला तेच मांडायचंय. बाहेर जायचं दार घटनेनं बंद केलंय, ते बरंच केलंय, पण दार बंद केलं की आतल्या माणसाचं ऐकायची जबाबदारी दुप्पट होते. ह्याचं एक उदाहरण सांगतो जे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं.

पश्चिम ऑस्ट्रेलिया. १९३३ च्या ८ एप्रिलला तिथं सार्वमत झालं आणि सुमारे ६६ टक्के लोकांनी ऑस्ट्रेलियातनं बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं. कारण काय, तर गहू पिकवणारं राज्य, मंदीत गव्हाचे भाव कोसळलेले, आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना सांभाळायला लावलेल्या आयात करामुळं यांना सगळी अवजारं, यंत्रं महाग. त्यांचं शिष्टमंडळ लंडनला गेलं, कारण ऑस्ट्रेलियाची घटना ब्रिटिश संसदेच्या कायद्यानं झालेली. १९३५ ला तिथल्या संसदेच्या समितीनं सांगितलं की हा अर्ज आम्हाला घेताच येत नाही, एका राज्यानं येऊन भागत नाही, मागणी सगळ्या ऑस्ट्रेलियाकडनं आली पाहिजे. झालं, कायद्यानं विषय संपला. पण गाऱ्हाणं संपलं नव्हतं, आणि केंद्रानं ते ओळखलं. १९३३ लाच त्यांनी अनुदान आयोग नेमला, मागं पडलेल्या राज्यांना किती पैसे द्यायचे ते हिशेबानं ठरवायला. तो आयोग आजही आहे. फुटायची चळवळ हळूहळू विरून गेली. दोन हजार कोटी हलले ते असे हलतात दादा, आणि ते ठराव करायच्या आधी हलायला पाहिजे होते हे मी कुठल्याही व्यासपीठावर बोलायला तयार आहे.

हळदबाजार

मला कायद्यातलं कळत नाही पण एक साधी शंका. एकत्र कुटुंबातल्या भावाला वाटणी मागता येते ना, बाकीचे नाही म्हणाले तरी कोर्टात दावा टाकून वाटप होतंच. मग राज्यानं वाटणी मागितली तर का नाही? (मी फुटायच्या बाजूचा नाही, फक्त तर्क विचारतोय.)

येरळाकाठ

@हळदबाजार काका, तुलना बरोबर जागी केलीत, आणि फरक पण तिथंच आहे. वाटणीत भावाचा हिस्सा जन्मानंच ठरलेला असतो, तो आधी आणि कुटुंबाची एकत्र मिळकत नंतर वाटून द्यायची. आपल्याकडं राज्याचा असा आधीचा हिस्साच नाही. संसद महाराष्ट्राचे दोन तुकडे करू शकते, दोन राज्यं एक करू शकते. ज्याचं स्वतःचं अस्तित्वच संसदेच्या साध्या बहुमतावर आहे त्यानं वाटणी कशाच्या जोरावर मागायची? आणि दुसरं, वाटणीत कर्जाचाही हिस्सा येतो, विहिरीच्या पाण्याची पाळी येते, बांध येतो. देशाच्या बाबतीत तर नद्या, रेल्वे, सैन्य, चलन, देशाचं कर्ज, दुसऱ्या राज्यात कामाला गेलेली माणसं. विट्या-खानापूरची सोन्याचांदीची गलाई करणारी आपली माणसं देशभर कुठं कुठं दुकानं टाकून बसलीत, ती उद्या परदेशी झाली तर? म्हणून जिथं कुठं बाहेर पडायची मुभा दिलीय तिथंसुद्धा ती अटी घालूनच दिलीय.

कृष्णामाई

वकीलसाहेब, ह्यावर कॅनडाचा निकाल येऊ द्या. मी राज्यशास्त्र शिकवत होते, त्यामुळं मीच लिहिते थोडं.

क्युबेक हा फ्रेंच बोलणारा प्रांत. १९८० ला एकदा सार्वमत झालं, वेगळं व्हायची बाजू हरली. १९९५ च्या ३० ऑक्टोबरला परत झालं आणि जेमतेम वाचलं, नको म्हणणारे ५०.५८ टक्के, हवं म्हणणारे ४९.४२. मतदान नव्वद टक्क्यांच्या वर झालेलं. सगळा देश हादरला. मग केंद्र सरकारनं थेट सुप्रीम कोर्टाला प्रश्न विचारले आणि २० ऑगस्ट १९९८ ला कोर्टानं एकमतानं उत्तर दिलं. एकतर्फी बाहेर पडायचा अधिकार कॅनडाच्या घटनेतही नाही आणि आंतरराष्ट्रीय कायद्यातही नाही. पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, स्पष्ट प्रश्न विचारून स्पष्ट बहुमतानं लोकांनी बाहेर पडायचं म्हटलं तर बाकीच्या देशाला कान झाकून बसता येणार नाही, वाटाघाटीला बसणं हे घटनात्मक कर्तव्य होईल. वाटाघाटीत काय निघेल त्याची हमी कोर्टानं दिली नाही. स्पष्ट बहुमत म्हणजे किती टक्के तेही सांगितलं नाही, ते राजकारण्यांवर सोडलं. २००० ला त्यावर कायदा झाला, त्यात प्रश्न स्पष्ट आहे का ते कॅनडाच्या लोकसभेनं म्हणजे कॉमन्स सभेनं बघायचं असं ठरलं, कारण १९९५ चा प्रश्न इतका लांबलचक आणि गुळमुळीत होता की नंतरही कॅनडाशी भागीदारी राहील असं बऱ्याच जणांना वाटलं.

आणि क्युबेकच्या उत्तरेला क्री नावाचे आदिवासी राहतात, त्यांनी १९९५ लाच आपलं वेगळं मतदान घेतलं. ९६ टक्क्यांच्या आसपास लोक म्हणाले आम्हाला कॅनडातच राहायचंय. म्हणजे क्युबेक कॅनडातनं फुटणार असेल तर क्री लोक क्युबेकमधनं का फुटू नयेत? ह्या प्रश्नाला फुटणाऱ्यांकडं धड उत्तर नसतं, कुठल्याच देशात.

वाळवेकर_पाटील

ताईंनी छान लिहिलं. मला जरा वेगळं बोलायचंय. आमच्या भागानं प्रतिसरकार बघितलंय. १९४३ पासनं क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागं सातारा जिल्ह्यातली (तेव्हा आमचा वाळवा-तासगाव सगळा साताऱ्यातच) शेकडो गावं उभी राहिली, स्वतःची न्यायमंडळं चालवली, तुफान सेना उभी केली, शेणोलीला पे स्पेशल गाडी अडवून इंग्रजाचा पगार नेला. त्या वेळच्या कायद्यानं हे सगळं बेकायदाच होतं की. मग आज आपण कायद्यात नाही म्हणून विषय संपला असं कसं म्हणणार? माझा आजा त्यात होता म्हणून विचारतोय, दुसरा काही हेतू नाही.

येरळाकाठ

@वाळवेकर_पाटील दादा, हा ह्या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि टाळून चालणार नाही. नाना पाटलांच्या लोकांनी ज्या राज्याला नाकारलं त्या राज्यानं इथल्या माणसाला कधी विचारलंच नव्हतं. कर कोण बसवणार, कायदा कोण करणार, त्यात कुंडलच्या शेतकऱ्याचं मत शून्य. परक्या सत्तेखालच्या वसाहतीला स्वतंत्र व्हायचा हक्क आहे हे आज आंतरराष्ट्रीय कायद्यातही मान्य आहे. कृष्णामाईंनी सांगितला त्या कॅनडाच्या निकालात कोर्टानं नेमका हाच फरक केलाय, वसाहत असेल, परकी जुलमी सत्ता असेल तर बाहेर पडायचा हक्क येतो, पण जिथं लोकांना सरकारात, विधिमंडळात, कोर्टात बरोबरीची जागा आहे तिथं स्वयंनिर्णय आतल्या आत वापरायचा. क्युबेकचे लोक देशाचे पंतप्रधान झालेत, त्यांना दडपलेली जनता कसं म्हणणार, असा तो मुद्दा. तुमच्या आजोबांनी जे केलं ते देश सोडायला नव्हतं, इथं लोकांचं राज्य यावं म्हणून होतं, आणि त्यांच्या त्यागातनं जी घटना आली तिनं प्रत्येक प्रौढाला मत दिलं.

अमेरिकेच्या कोर्टानंही क्रांतीची शक्यता नाकारलेली नाही, पण ती कायद्याच्या बाहेरची गोष्ट आहे असं सांगितलं. टेक्सस विरुद्ध व्हाइट, १८६९. हे प्रकरण वाचण्यासारखं आहे, कारण भांडण निघालं साध्या रोख्यांवरनं. टेक्ससच्या तिजोरीत अमेरिकन सरकारचे रोखे होते. युद्धात टेक्सस फुटीर राज्यांच्या बाजूला गेलं आणि तिथल्या सरकारनं त्यातले काही रोखे विकून औषधं आणि कापूस पिंजायची अवजारं मागवली. युद्ध संपल्यावर नवीन सरकार कोर्टात गेलं की आमचे रोखे परत द्या. आता घेणाऱ्यानं बचाव काय केला, तर टेक्सस फुटलं होतं, ते आता राज्यच नाही, मग ह्या कोर्टात दावा कसा टाकतं? म्हणजे कोर्टाला ठरवावंच लागलं. सरन्यायाधीश चेस यांनी लिहिलं की हा संघ अविनाशी राज्यांचा अविनाशी संघ आहे, टेक्सस एक दिवससुद्धा बाहेर गेलं नव्हतं, फुटायचा ठराव पहिल्यापासनं शून्य. बाहेर पडायचे मार्ग दोनच, क्रांती किंवा बाकी राज्यांची संमती. तीन न्यायाधीश विरोधात होते, त्यातले ग्रियर म्हणाले की चार वर्षं जे डोळ्यांनी बघितलं ते झालंच नाही असं कसं धरायचं. मला त्यांच्या म्हणण्यातला प्रामाणिकपणा आवडतो, पण निकाल बहुमताचाच बरोबर आहे. नाहीतर प्रत्येक बंड यशस्वी होईपर्यंत अर्धवट कायदेशीर ठरेल.

अभ्यासिका_विश्रामबाग

सर, स्पर्धा परीक्षेसाठी विचारतो. घटनेतच बाहेर पडायचा अधिकार दिलेला देश आहे का कुठला? आणि दिला तर तो वापरला जातो का?

कृष्णामाई

आहेत बाळा. इथिओपियाच्या १९९५ च्या घटनेत कलम ३९ मध्ये आहे. संबंधित समाजाच्या विधिमंडळात दोन तृतीयांश मतं, मग तीन वर्षांत केंद्रानं सार्वमत घ्यायचं. कुणीही तो वापरून बाहेर पडलेलं नाही, पण २०२० ते २०२२ मध्ये तिग्राईत भयानक युद्ध झालंच. कागदावर दार असलं म्हणून रक्त वाचत नाही.

सोव्हिएत रशियाच्या घटनेतही होता, १९७७ च्या घटनेत कलम ७२. पण बाहेर कसं पडायचं त्याचा कायदा केला थेट ३ एप्रिल १९९० ला, लिथुआनियानं ११ मार्चला स्वातंत्र्य जाहीर करून टाकल्यावर. त्या कायद्यात दोन तृतीयांश मतं आणि पाच वर्षांपर्यंतचा थांबायचा काळ. पावणेदोन वर्षांत तो देशच राहिला नाही.

मला सगळ्यात आवडतं ते नेव्हिसचं. सेंट किट्स आणि नेव्हिस, कॅरिबियन समुद्रातली दोन बेटं. नेव्हिस अवघं ९३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या तालुक्यापेक्षा कितीतरी लहान. घटनेत लिहिलंय की दोन तृतीयांश मतं पडली तर बाहेर पडा. १९९८ च्या १० ऑगस्टला मतदान झालं, ६१.७ टक्के बाजूनं. थोडक्यात हुकलं. आणि लोक घरी गेले, दोन्ही बेटं आजही एकत्र आहेत. गोळी नाही, जाळपोळ नाही. नियम आधीच ठरलेला आणि सगळ्यांनी मानलेला असला की काय होतं ते बघ. परीक्षेत हे उदाहरण लिहिलंस तर वेगळं दिसेल.

मिरज_जंक्शन

आमचं सांगली संस्थान, मिरज, जत, औंध, फलटण ही तर करार करूनच आली ना? ८ मार्च १९४८ ला विलीन झाली. बाबासाहेब म्हणाले करार नाही, मग हे काय? आणि पुढं इंदिराबाईंनी राजांचे तनखे बंद केले, म्हणजे करार सरकारनंच मोडला.

शाहूपुरी_सातारा

चांगला प्रश्न. करार झाले ते राजांशी, राज्यघटना आली ती लोकांच्या नावानं. आणि २६ जानेवारी १९५० नंतर ते जुने करार घेऊन कोर्टात जायची वाट कलम ३६३ नं बंद केली. तनखे १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीनं गेले, कुणी म्हटलं नाही की सांगली आता परत संस्थान झालं. विलीनीकरण म्हणजे दुधात साखर विरघळल्यासारखं असं शाळेत... राहू दे, वकीलसाहेब नीट सांगतील.

येरळाकाठ

तुम्ही सांगितलंत तेच पुरेसं आहे. फक्त एवढं जोडतो की जत संस्थानाचा तालुका झाला, तालुका दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला, दक्षिण सातारा १९४९ ला झालेला जिल्हा, त्याचं नाव १९६० ला सांगली झालं. एवढे बदल झाले तरी डफळापूरकर दादांच्या गावाला कुणी एकदाही विचारलं नाही. काश्मीरबाबतही डिसेंबर २०२३ च्या निकालात कोर्टानं हेच म्हटलं की सामील झाल्यावर आणि घटना स्वीकारल्यावर वेगळं सार्वभौमत्व उरत नाही.

कवठेमहांकाळ_एक्स्प्रेस

हे असलं बोलणं तरी कायद्यात बसतं का? वर म्हटलंत पाठिंबा देणंसुद्धा बेकायदा. धागा उडवतील की काय?

येरळाकाठ

घटना काय म्हणते, कोर्टानं काय ठरवलं, ह्याची चर्चा करणं म्हणजे फुटायला पाठिंबा नव्हे. १९९५ च्या बलवंतसिंग प्रकरणात तर फुटीर घोषणा नुसत्या एकदोनदा दिल्या, लोक भडकले नाहीत, म्हणून सुप्रीम कोर्टानं दोघांना राजद्रोहातनं सोडलं. पण १९६७ च्या कायद्याची भाषा जास्त रुंद आहे आणि जामीन मिळणं फार कठीण, त्यामुळं अमुक भाग तोडा असं इथं कुणी लिहू नये ही हात जोडून विनंती.

तिसरी गोष्ट राहिली होती, देशानं भूभाग देणं. बेरुबारीच्या (बंगालातला भाग पाकिस्तानला द्यायच्या) प्रकरणात १९६० ला कोर्टानं सांगितलं की कलम ३ वापरून परक्या देशाला जमीन देता येत नाही, घटनादुरुस्तीच पाहिजे. म्हणून २०१५ ला बांगलादेशाशी जमिनीच्या बेटांची (एका देशाची पण दुसऱ्या देशानं चारी बाजूंनी वेढलेली गावं) अदलाबदल झाली, आपली १११ तिकडं आणि त्यांची ५१ इकडं, ती शंभराव्या घटनादुरुस्तीनं. बघा म्हणजे, केंद्र सरकारला एकट्याला देश लहान करता येत नाही आणि राज्याला एकट्याला देश सोडता येत नाही.

डफळापूरकर

मग आमी कायद्यानं काय मागायचं ते सांगा. गावाला इचारलं पायजे असा कायदा जगात कुठंच न्हाई का?

येरळाकाठ

आहे दादा. स्वित्झर्लंडमध्ये मुतिए नावाचं गाव आहे, फ्रेंच बोलणारं, पण जर्मन बोलणाऱ्या बर्न प्रांतात. शेजारचा जुरा १९७९ ला बर्नमधनं फुटून वेगळा प्रांत झाला, देशातच राहिला. मुतिएनं २०१७ ला जुरात जायच्या बाजूनं मत दिलं, त्यात गडबड झाली म्हणून ते रद्द झालं, २०२१ ला परत मतदान, परत तोच कौल, आणि १ जानेवारी २०२६ पासनं गाव जुरात. आपल्या कलम ३ मध्ये एवढीच एक ओळ घालावी असं माझं मत आहे, की सीमेवरच्या गावांचं म्हणणं संसदेनं मतदानानं जाणून घ्यावं. बंधनकारक नसलं तरी चालेल, पण विचारावं. बेळगाव, निपाणी, कारवार, जत, सगळ्यांनाच ते लागू होईल, म्हणून दोन्ही बाजूच्या पुढाऱ्यांना नको असतं.

तोपर्यंत पूर्व भागातल्या गावांनी ग्रामसभेत पाण्याचा ठराव करून तो कृष्णा खोरे महामंडळाला आणि जलसंपदा खात्याला पोच घेऊन द्यावा, विस्तारित म्हैसाळमध्ये आपलं गाव कुठल्या टप्प्यात आहे ते माहितीच्या अधिकारात लेखी मागावं. मसुदा मी करून देतो, पैसे घेणार नाही, निरोप करा.

बेळगावचा दावा २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, राज्याराज्यांतल्या वादासाठीच्या कलम १३१ खाली, त्याचे मुद्दे वेगळे आहेत. त्यावर वेगळा धागा काढतो.

डफळापूरकर

निरोप केलाय. आमचं आणि शेजारचं, दोन गावांचं करायचं हाय.